जळणाच्या नोंदवह्या आणि पंजाबातले बेपत्ता

माळावरचा (धागाकर्ता)

पंजाबातल्या दहशतवादाबद्दल मराठीत वाचायला बसलं तर ब्लू स्टार आणि इंदिरा गांधींची हत्या यांवर भरपूर सापडतं. तिथून गाडी सुटते ती थेट 'गिल आले आणि पंजाब शांत झाला' या स्टेशनावर थांबते. मधल्या १९९१ ते १९९४ या वर्षांत कुणी उतरत नाही.

हा धागा त्या वर्षांचा, आणि त्यातही एकाच प्रश्नाचा आहे. पोलिसांनी उचललेली माणसं परत आलीच नाहीत, हे सिद्ध कसं झालं? माणूस गायब करण्यामागचा हेतूच मुळी पुरावा राहू नये हा असतो. अटकेची नोंद नाही, न्यायालयापुढे हजर केलेलं नाही, प्रेतही नाही. घरचे ठाण्यात गेले की उत्तर ठरलेलं: आम्ही त्याला आणलंच नव्हतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९८७ पासून पंजाबात राष्ट्रपती राजवट होती, टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लागू होता. फेब्रुवारी १९९२ च्या निवडणुकीवर अकालींच्या बहुतेक गटांनी बहिष्कार टाकला, मतदान २४ टक्क्यांच्या आसपास झालं आणि काँग्रेसचे बेअंत सिंग मुख्यमंत्री झाले. त्याच्या थोडं आधी, १९९१ च्या अखेरीस, के. पी. एस. गिल दुसऱ्यांदा पोलीस महासंचालक झाले होते. अतिरेकी मारणाऱ्या पोलिसांना रोख बक्षिसं मिळत. १९९१ ते १९९३ या काळात अशी बक्षिसं ४१,००० हून जास्त वेळा दिली गेली, असं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अहवालात आलं आहे. एवढे अतिरेकी पंजाबात होते का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता जसवंत सिंग खालरा. अमृतसरमध्ये बँकेत संचालक, शिवाय अकाली दलाच्या मानवाधिकार शाखेचे सरचिटणीस. ओळखीतली काही माणसं बेपत्ता झाली होती, त्यांचा शोध घेता घेता ते दुर्गियाना मंदिराजवळच्या स्मशानात पोचले. पोलीस बेवारस म्हणून प्रेतं आणून टाकतात हे तिथे उघड गुपित होतं. गुपित उघड असून भागत नाही, कागद लागतो. तो कागद खालरांना मिळाला, आणि तो कुठून मिळाला हे बघण्यासारखं आहे.

बेवारस प्रेत जाळायला लाकूड लागतं. ते सार्वजनिक पैशातून येतं, म्हणून त्याचा हिशेब ठेवावा लागतो. कुठल्या तारखेला किती प्रेतांसाठी लाकूड दिलं, ती कुठल्या ठाण्याने आणली, कधी आणणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, कधी चक्क मृताचंही नाव. नाव ठाऊक असलेलं प्रेत बेवारस कसं, हा प्रश्न वहीत लिहिणाऱ्या कारकुनाला पडला असेल की नाही कोण जाणे. त्याने आपलं काम चोख केलं. दुर्गियाना, तरन तारन आणि पट्टी या तीन स्मशानांच्या नोंदी खालरा आणि त्यांचे सहकारी जसपाल सिंग धिल्लों यांनी जमवल्या आणि जानेवारी १९९५ मध्ये जाहीर केल्या. गिल यांचं उत्तर असं होतं की हजारो तरुण खोट्या नावांनी परदेशात गेलेत आणि त्यांनाच आता बेपत्ता म्हणवलं जातंय.

या नोंदींवरून केलेली याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. ती करण्याचा अधिकार तुमच्या संघटनेला नाही, घरच्यांनी यावं, असा एकूण सूर. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ ऑगस्ट १९९५ ला बेअंत सिंग चंदीगडमध्ये बॉम्बस्फोटात मारले गेले. त्यानंतर सहाव्या दिवशी, ६ सप्टेंबरला, खालरांना अमृतसरच्या कबीर पार्कमधल्या त्यांच्या घरासमोरून पोलिसांनी उचललं. ते तेव्हा गाडी धूत होते.

पत्नी परमजित कौर यांची तक्रार शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे अध्यक्ष गुरचरण सिंग तोहरा यांनी तारेने सर्वोच्च न्यायालयाला कळवली. न्या. कुलदीप सिंग यांनी ती तारच याचिका मानली. नोव्हेंबरमध्ये खालरांचं अपहरण आणि गुप्त दहनं या दोन्हींचा तपास सीबीआयकडे दिला गेला.

डिसेंबर १९९६ मध्ये सीबीआयचा आकडा आला. त्या तीन स्मशानांत मिळून २,०९७ बेकायदा दहनं. त्यातल्या ५८५ जणांची ओळख पटलेली, २७४ जणांची अर्धवट, १,२३८ जणांची नाहीच. तेव्हाच्या पंजाबातल्या १३ जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्यातली ही तीन स्मशानं.

इथवर गोष्ट विजयाची वाटते, कारण सरकारचं म्हणणं सरकारच्याच जळणाच्या हिशेबाने खोडून काढलं. मला ती तशी वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात हे मोठ्या प्रमाणावरचं मानवाधिकारांचं उघड उल्लंघन असल्याचं म्हटलं आणि पुढचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. आयोगापुढे गेल्यावर प्रश्न वर्षागणिक आकसत गेला. आधी पूर्ण पंजाब नको, ही तीनच स्मशानं. मग यांना कुणी मारलं हे नको, मरण्याआधी ते पोलिसांच्या ताब्यात होते का एवढंच. शेवटी तर दहन करताना नियम पाळले होते का, इथपर्यंत आलं. नोव्हेंबर २००४ मध्ये १०९ मृतांच्या वारसांना प्रत्येकी अडीच लाख. २००६ मध्ये आणखी हजारावर लोकांच्या वारसांना प्रत्येकी १ लाख ७५ हजार, आणि ते कशासाठी, तर नियमबाह्य दहनासाठी. २०१२ मध्ये काम आटोपलं तेव्हा १,५१३ मृतांच्या वारसांसाठी एकूण २७.९४ कोटी रुपयांची शिफारस झालेली होती. मारणाऱ्याचं नाव आयोगाने एकाही प्रकरणात घेतलं नाही.

माझं म्हणणं असं की लाकडाच्या वहीने जे सिद्ध करता येत होतं, नेमकं तेवढ्यावरच व्यवस्थेने प्रश्न आणून ठेवला. वही सांगते प्रेत जळलं. माणूस कसा मेला ते वहीत नसतं. ते गावागावांत बसून विचारावं लागतं, आणि ते काम शासनाने केलं नाही, मूठभर लोकांनी केलं. त्यांच्या पद्धतीबद्दल इथे जाणकारांनी लिहावं, ही विनंती.

---

खवचट खापर

वाचनखूण साठवली. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत एक विचारून घेतो. ज्या पोलीस दलाने इतकं सगळं लपवलं, त्याने लाकडाची वही का नाही जाळली? लाकूड तर तिथेच होतं.

---

माळावरचा

वही पोलिसांची नव्हतीच, हे एक. दुसरं, मला वाटतं त्यांना ती लपवायची गरजच वाटली नसावी. 'चकमकीत अनोळखी अतिरेकी ठार' ही बातमी पेपरात येतच होती, बक्षीसही मिळत होतं. लपवायची होती ती फक्त एक गोष्ट: तो अनोळखी नव्हता.

---

रानवारा

लेख एकांगी आहे. असहमत.

लालडूजवळ जुलै १९८७ मध्ये बस अडवून ३८ प्रवासी मारले, ते कुठे आहेत या लेखात? संपादक लाला जगत नारायण? कवी पाश? कवीला मारताना कुठल्या मानवाधिकाराचा विचार झाला होता? सतराशेवर पोलीस मेले त्या वर्षांत. १९९२ मध्ये तर पोलिसांच्या घरात घुसून बायकापोरं मारली. साक्षीदार न्यायालयात यायला तयार नव्हते, न्यायाधीशांना धमक्या येत होत्या. टाडासारखा कायदा हातात असूनही शिक्षा होत नव्हत्या. अशा वेळी ठाणेदाराने काय करायचं होतं? आणि आज मोगा-बटाल्याला रात्री निवांत बस मिळते ती कुणामुळे?

अजित सिंग संधूंबद्दल एक ओळ नाही. तरन तारनचे एसएसपी, म्हणजे तिथले पोलीसप्रमुख. ज्यांनी सगळ्यात चिघळलेला पट्टा सांभाळला, त्यांच्यावर खटल्यांचा मारा झाला आणि त्यांनी मे १९९७ मध्ये रेल्वेखाली जीव दिला. गिल यांनी त्यानंतर पंतप्रधान गुजरालांना पत्र लिहिलं होतं, ते वाचा. सरकारसाठी लढलेल्या माणसांना सरकारनेच वाऱ्यावर सोडलं, ही तक्रार खोटी नाही.

---

माळावरचा

रानवारा, तुमची यादी खरी आहे. त्यातलं काहीही मी नाकारत नाही, आणि पाशचं नाव घेतलंत ते बरं केलंत. पण तुमच्याच यादीकडे बघा. लालडूचे मृत कोण होते हे ठाऊक आहे. गुन्हा नोंदवला गेला, प्रेतं घरच्यांना मिळाली, सरकारने निषेध केला. ते पुरेसं होतं असं नाही, पण ते मेले हे मान्य करायला कुणी कधी नकार दिला नाही. इथे १,२३८ माणसांना सरकारी कागदावर नावही नाही.

आणि 'ठाणेदाराने काय करायचं होतं' हा प्रश्न चकमकीत मारल्या गेलेल्या सशस्त्र माणसाबद्दल असेल तर त्यावर वाद होऊ शकतो. गावच्या पंचायतीने स्वतः नेऊन ठाण्यात हजर केलेल्या पोराबद्दल काय? नोंदवलेल्या प्रकरणांत अशी बरीच आहेत. सरपंच सोबत गेला, 'चौकशी करून सोडतो' असं सांगितलं गेलं, आणि आठवड्याने पेपरात चकमक. संधूंबद्दल लिहिलं नाही कारण खालरा खटल्यातले ते मुख्य संशयित होते आणि खटला चालण्याआधीच गेले. त्यांच्या मृत्यूने त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, इतकंच म्हणता येईल.

---

काळा डगला

फौजदारी वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. जरा लांबेल.

आपल्याकडे 'सक्तीने बेपत्ता करणे' असा स्वतंत्र गुन्हा दंड संहितेत नव्हता आणि नव्या न्याय संहितेतही नाही. त्यामुळे खटला उभा राहतो तो अपहरण, खून, पुरावा नष्ट करणे, खोटा सरकारी दस्तऐवज तयार करणे अशा तुकड्यांत. प्रत्येक तुकडा वेगळा सिद्ध करायचा. प्रेत नसेल तर खुनाचा तुकडा लटपटतो, बचावपक्ष तिथेच घाव घालतो. बेपत्तांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने २००७ मध्ये सही केली, अनुसमर्थन अजून केलेलं नाही.

दुसरा अडथळा मंजुरीचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७: सरकारी कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकरावर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी हवी. माणसाला घरातून उचलून मारणं हे 'कर्तव्य' कसं, हा साधा प्रश्न. पण त्यावर वर्षानुवर्षं अर्जफाटे झाले, स्थगित्या मिळाल्या, आणि तोवर साक्षीदारांची एक पिढी संपली.

आयोगाबद्दल. मानवाधिकार संरक्षण कायद्यानुसार आयोगाला घटनेपासून एका वर्षाच्या आतल्याच तक्रारी घेता येतात. पंजाबच्या बाबतीत हा आक्षेप घेतला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं की इथे आयोग न्यायालयाच्या वतीने, घटनेच्या कलम ३२ खाली काम करतोय, त्याला ती मर्यादा लागू नाही. एवढे मोकळे हात आयोगाला क्वचितच मिळाले असतील. त्याने ते वापरले नाहीत, हा धागाकर्त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. २००० मध्ये तर १८ कुटुंबांना एकेक लाख देऊ केले होते, सरकारने कुठलीही चूक कबूल न करता. त्या कुटुंबांनी ते घेतले नाहीत. लाख रुपये नाकारणं सोपं नव्हतं त्या घरांना.

एक योगायोग अजून कुणी सांगितला नाही म्हणून सांगतो. पंजाबच्या दहनांचा आदेश १२ डिसेंबर १९९६ चा. अटक कशी करायची, नातेवाइकांना कधी कळवायचं, अटकेचा पंचनामा कसा करायचा हे घालून देणारा डी. के. बसू निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. दोन्हीकडे न्या. कुलदीप सिंग होते. आज प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर बसू निकालाची पाटी असते. सहा दिवस आधीचा आदेश कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नसतो.

---

सांजसावली

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. ज्यांचा माणूस असा गेला त्या घरांचं कागदोपत्री काय होतं? मृत्यूचा दाखला कोण देतं?

---

काळा डगला

@सांजसावली, अजिबात बाळबोध नाही. पुरावा कायद्याप्रमाणे, ज्यांना खबर असायला हवी अशा लोकांना सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मृत मानता येतो. पण ते आपोआप होत नाही, दिवाणी दावा लागतो. तोपर्यंत जमिनीचा वारसा लावणं, बँक, निवृत्तिवेतन, सगळं अडकतं. दाव्यात लिहायचं काय तर 'सात वर्षं खबर नाही'. आणि घरच्यांचं म्हणणं तर असं की खबर आहे, अमुक ठाण्याच्या जीपमधून नेलेलं सगळ्या गल्लीने पाहिलंय. म्हणजे दाखला हवा असेल तर जे पाहिलं ते गिळायचं.

---

माळावरचा

त्यात भर. शीख कुटुंबात अस्थी कीरतपूर साहिबला नेऊन प्रवाहात सोडतात. इथे अस्थीच नाहीत. काही घरांनी भोग (मृतासाठीच्या पाठाची सांगता) घातला, काहींनी अजून घातलेला नाही, कारण घातला म्हणजे मेला असं आपणच ठरवलं. 'आई अजून वाट बघते' हे वाक्य अशा वेळी फार स्वस्त होतं म्हणून मी लेखात टाळलं होतं. पण साक्षींमध्ये ते खरंच पुन्हा पुन्हा येतं.

---

विदाविक्षिप्त

विदाच्या (डेटाच्या) बाजूने लिहितो, धागाकर्त्यांनी जाणकारांना हाक मारलीच आहे. (जाणकार नाही, आकडे बघायची खोड आहे.)

मूळ अडचण अशी की पंजाबात एकच यादी नाही, अनेक आहेत आणि प्रत्येक वेगळ्या कारणाने अपुरी आहे. सीबीआयची यादी तीन स्मशानांची. चंदीगडच्या 'ट्रिब्यून' या दैनिकातल्या चकमकीच्या बातम्या पोलिसांनी दिलेल्या. कुटुंबांच्या साक्षी जिथे कार्यकर्ते पोचले तिथल्याच. बेपत्तांसाठीच्या समन्वय समितीने, म्हणजे रामनारायण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगाव फिरून साक्षी घेतल्या आणि २००३ मध्ये ६७२ प्रकरणांचा तपशील छापला. रामनारायण कुमार शीख नव्हते, पंजाबीही नव्हते, हे 'एकांगी' म्हणणाऱ्यांसाठी.

पुढची पायरी म्हणजे या याद्या एकमेकींवर ठेवून बघणं. 'इन्साफ' ही संस्था आणि बेनेटेक या अमेरिकी संस्थेचा मानवाधिकार विदा विश्लेषण गट यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या स्रोतांतल्या २१,००० हून जास्त नोंदी एकत्र करून तसा अभ्यास केला. सरकारचं म्हणणं कायम असं होतं की गैरप्रकार झाले असतील, पण ते तुरळक, वाट चुकलेल्या अधिकाऱ्यांचे. तुरळक असते तर नोंदी काळात आणि जागेत विखुरलेल्या दिसायला हव्या होत्या. दिसतं ते वेगळंच. नव्वदीच्या सुरुवातीला, अतिरेकीविरोधी मोहीम सगळ्यात तीव्र होती तेव्हा, मृत्यू आणि बेपत्ता होणं या दोन्हींचा उंचवटा येतो, आणि तो एका जिल्ह्यापुरता राहत नाही. हे धोरणाचं चित्र आहे, चार बेलगाम ठाणेदारांचं नाही.

साक्ष घेणाऱ्याची खरी कसरत मात्र आकड्यांच्या आधीच होते. घरचे तारीख सांगतात ती देशी महिन्याची, नाहीतर 'गव्हाच्या कापणीनंतर'. माणसाला घरात एक नाव, कागदावर दुसरं, आणि पोलिसांच्या बातमीत 'उर्फ' लावून तिसरं. गुरुमुखीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं. तो एकच माणूस की तीन, हे ठरवायला बापाचं नाव आणि गाव लागतं. सीबीआयचे २७४ 'अर्धवट ओळख' वाले नेमके इथेच अडकलेत. एकदा चुकून दोनदा मोजलं गेलं की समोरचा पूर्ण यादी फेकून देतो, म्हणून इतका काटेकोरपणा.

अवांतर: खालरांनी पूर्ण पंजाबसाठी २५,००० चा अंदाज सांगितला होता. तो अंदाज होता, मोजणी नव्हे. आंदोलनाच्या भाषणांत त्याची मोजणी होऊन जाते. त्याने नुकसान होतं असं माझं मत. २,०९७ हा आकडा सीबीआयचा आहे, तो कुणाला खोडता येत नाही. तो पुरेसा भयंकर आहे.

---

पाणपोई

@विदाविक्षिप्त, +१. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र असहमत. मोजणी होऊ दिली नाही त्यांनी, आणि आता अंदाजाला नावं ठेवायची? १९९८ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींचा लोक-आयोग बसला होता. डी. एस. तेवाटिया होते त्यात, आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयातले होस्बेट सुरेशही. लोक तक्रारी घेऊन येत होते. उच्च न्यायालयाने तो बंद करायला लावला, समांतर न्यायव्यवस्था म्हणून. मोजणारे हात बांधायचे आणि मोजणी कच्ची म्हणायची!

---

विदाविक्षिप्त

@पाणपोई, अंदाज करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. अंदाजाला मोजणी म्हणून विकणाऱ्याला ठेवतो. त्या माणसाने स्वतः वह्या उतरवून काढल्या, त्याच्या नावावर तरी ढिसाळपणा नको.

---

निवृत्त फौजदार

पंजाबात नव्हतो, दुसऱ्या राज्यात नोकरी केली. धागा दोन दिवस वाचतोय. लिहावे की नाही असे वाटत होते.

पोलीस खोटे लिहितात तेव्हा ते एकाच वहीत लिहितात. ठाण्यात वह्या अनेक असतात. रोजनामचा आहे. गाडीचे लॉगबुक आहे, त्यात किलोमीटर आणि डिझेल. शस्त्रागारात गोळ्यांचा हिशेब आहे, एकेका काडतुसाचा. मुद्देमालाची वही आहे. प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा आहे, डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल आहे. चकमक खोटी असली तर फिर्याद छान लिहिलेली असते, पण दोन तास गोळीबार झाला म्हणून सांगितले आणि खर्ची पडली काडतुसे मोजकीच, असे कुठेतरी निघते. ठाण्यापासून घटनास्थळ २० किलोमीटर आणि गाडी त्या रात्री हललीच नाही, असे निघते. बेवारस प्रेताचा फोटो, बोटांचे ठसे, कपडे, अंगावरच्या खुणा ठेवायच्या हे नियमात आहे, पंजाबच्या नियमावलीत तर इंग्रजांच्या काळापासून आहे. तो फोटो का नाही, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

तेव्हा खापरराव, वही का जाळली नाही याचे उत्तर माझ्या मते असे की सगळ्या वह्या कुणालाच जाळता येत नाहीत. एका खात्याची जाळली तर दुसऱ्या खात्यात राहते.

रानवारांशी एका बाबतीत सहमत. खालच्या शिपायाला आणि फौजदाराला बळी दिले जाते. खालरा खटल्यात शिक्षा झाली ती कुणाला? जास्तीत जास्त डीएसपी दर्जापर्यंत. बक्षिसाची पद्धत कुणी ठरवली, पैसा कुठून आला, त्याच्या फायलीवर सही कुणाची, हे कुणी विचारले नाही. अमुक मारल्यास तमुक रुपये अशी पद्धत घातल्यावर खालचा माणूस काय करणार हे वरच्याला ठाऊक असते.

---

माळावरचा

फौजदारसाहेब, आभार.

खालरा खटल्याचा तपशील द्यायचा राहिला होता. नोव्हेंबर २००५ मध्ये पतियाळाच्या न्यायालयाने सहा पोलिसांना दोषी ठरवलं, दोघांना जन्मठेप, बाकीच्यांना सात वर्षं. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अपहरणापासून सोळा वर्षं. मुख्य साक्ष होती कुलदीप सिंग नावाच्या विशेष पोलीस अधिकाऱ्याची (न्यायमूर्ती वेगळे, हे वेगळे). खालरांना झबाल ठाण्यात ठेवलं होतं, ऑक्टोबरच्या अखेरीस मारलं आणि प्रेत हरिके इथे कालव्यात टाकलं, असं त्याने सांगितलं. मारण्याआधी महासंचालक त्यांना भेटले, हेही त्याने न्यायालयात सांगितलं. गिल यांच्यावर आरोपपत्र कधीच झालं नाही. २०१७ मध्ये ते वारले. सहीचा प्रश्न तुम्ही विचारलात, तो इथे येऊन थांबतो.

एक बघा: हजारो दहनांचा पुरावा लाकडाच्या वहीतून काढणाऱ्या माणसाचं प्रेत मात्र पाण्यात टाकलं. त्याच्या नावाचं जळण कुठल्याच वहीत नाही. तिथे वही उपयोगी पडली नाही, आतला माणूस बोलला म्हणून शिक्षा झाली.

---

खवचट खापर

म्हणजे शेवटी साक्षच. मग तुमच्या लेखाचा मथळा बदला.

---

माळावरचा

नाही बदलणार. वही नसती तर सीबीआय आली नसती, सीबीआय नसती तर तो विशेष पोलीस अधिकारी बोलला नसता. वहीने दार उघडलं. आत गेल्यावर आयोगाने वहीच वाचत बसायचं ठरवलं, एवढाच माझा आक्षेप आहे.

---

काळा डगला

मोहालीचं सीबीआय न्यायालय अजूनही १९९२-९३ च्या बनावट चकमकींचे निकाल देतंय, अगदी गेल्या काही वर्षांत अनेक शिक्षा झाल्या. आरोपी सत्तरी-ऐंशीत. काही आरोपी निकालाआधीच वारलेले, साक्षीदारही. हे बहुतेक खटले त्याच १९९६ च्या तपासातून निघालेले आहेत, आयोगाच्या कामातून नव्हे. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला तेवढा आधार.

---

रानवारा

धागा पूर्ण वाचला. गिल यांच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, त्या परिस्थितीत दुसरं कुणी असतं तर पंजाब हातून गेला असता असंच मी म्हणेन. पण पंचायतीने नेऊन दिलेल्या पोरांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, ते खरं.

एक मात्र मागणी आहे. अतिरेक्यांनी मारलेल्यांची अशी गावनिहाय, नावानिशी यादी कुणी केली आहे का? आकडा सगळे सांगतात, हजारोंचा. नावं कुठे आहेत?

---

विदाविक्षिप्त

@रानवारा, प्रश्न चोख आहे. त्या अभ्यासासाठी वापरलेल्या 'ट्रिब्यून'च्या बातम्यांमध्ये ती नावंही असणार, कारण पेपर तर दोन्हीकडचे मृत्यू छापत होता. पद्धत तीच लागेल: बातमी, गुन्ह्याची नोंद, घरच्यांची साक्ष, आणि एक माणूस दोनदा मोजायचा नाही.

---

माळावरचा

वेगळा धागा काढा, रानवारा. इथे प्रतिसादांत हरवेल. लालडूपासून सुरू करा, त्या वेळचे पेपर ग्रंथालयात मिळतील. नावं उतरवायला मी येतो.